व्हर्बल म्हणजे तोंडी की शाब्दिक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतलं ‘व्हर्बल’ हे विशेषण करारात, केस पेपरवर, परीक्षेच्या गुणपत्रकात आणि ऑफिसच्या मेलमध्ये सारखं भेटतं, आणि दर ठिकाणी त्याचा अर्थ जरा सरकलेला असतो. समानार्थी म्हणून सांगितले जाणारे ओरल, स्पोकन, व्होकल हे शब्द त्याच्या जागी कुठे चालतात आणि कुठे घोटाळा करतात, ते इथे पाहू.

‘व्हर्बल’चा नेमका अर्थ काय?

अर्थ तीन आहेत. पहिला, शब्दांचा किंवा शब्दांतून झालेला. मग ते शब्द लिहिलेले असोत वा बोललेले. दुसरा, तोंडी, म्हणजे कागदावर न आलेला. तिसरा व्याकरणातला, क्रियापदाशी संबंधित. तिन्हींचं मूळ लॅटिन ‘व्हर्बम’, म्हणजे शब्द. इंग्रजीतलं ‘व्हर्ब’ही तिथूनच आलं.

तिसरा अर्थ व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर फारसा येत नाही. भांडण असतं ते पहिल्या दोघांत, कारण पहिल्या अर्थाने हाताने लिहिलेली चिठ्ठीसुद्धा व्हर्बल ठरते आणि दुसऱ्या अर्थाने ती व्हर्बलच्या नेमकी उलट असते.

म्हणजे ‘तोंडी’ या अर्थाने व्हर्बल वापरणं चूक आहे का?

नाही. इंग्रजीत हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून रुळलेला आहे आणि सगळे मोठे शब्दकोश तो देतात. ‘व्हर्बल म्हणजे फक्त शब्दांचा, तोंडी म्हणायचं असेल तर ओरलच’ असा दंडक काही शिक्षक सांगतात. शिस्त म्हणून तो चांगला आहे, पण दुसऱ्याचं वाक्य त्यावरून चुकीचं ठरवता येत नाही.

वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखायला एकच युक्ती पुरते: विरुद्ध बाजूला काय आहे ते बघा. ‘व्हर्बल अ‍ॅग्रीमेंट’च्या समोर लेखी करार उभा असतो, म्हणून तिथे अर्थ तोंडी. ‘व्हर्बल कम्युनिकेशन’च्या समोर हावभाव, नजर, देहबोली असते, म्हणून तिथे शब्दांतून. ‘व्हर्बल अ‍ॅब्यूज’च्या समोर मारहाण असते, म्हणून तिथेही शब्दांनी, आणि तो मेसेजवर लिहूनही होतो. समोर काय आहे ते वाक्यातून कळत नसेल, तर ते वाक्य वाचणाऱ्यालाही कळणार नाही. अशा वेळी ‘व्हर्बल’ काढून ‘स्पोकन’, ‘ओरल’ किंवा ‘इन रायटिंग’ यांपैकी एक लिहावं.

मराठीत याला काय म्हणायचं: शाब्दिक, तोंडी, मौखिक की वाचिक?

इंग्रजीत जो गोंधळ आहे तो मराठीत जवळजवळ नाही. शब्द या शब्दावरून शाब्दिक, मुख या शब्दावरून मौखिक. तिकडे व्हर्बमवरून व्हर्बल आणि ‘ओस’ म्हणजे तोंड, त्यावरून ओरल. जोडी तंतोतंत जमते. त्यामुळे इंग्रजी लिहिण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणून बघावं. ‘शाब्दिक’ आलं तर व्हर्बल. ‘तोंडी’ किंवा ‘मौखिक’ आलं तर ओरल किंवा स्पोकन. शाब्दिक चकमक, शाब्दिक कोटी, शाब्दिक छळ हे व्हर्बल. तोंडी परीक्षा, तोंडी पुरावा, मौखिक परंपरा हे ओरल.

जात्यावरच्या ओव्या, पोवाडे, गोंधळी-वासुदेवांची गाणी हे ओरल लिटरेचर. त्याला व्हर्बल लिटरेचर म्हटलं तर काहीच सांगितल्यासारखं होत नाही, कारण शब्दांवाचून साहित्य कुठून येणार? ‘वाचिक’ जरा निराळा आहे. नाट्यशास्त्रात आंगिक, आहार्य, सात्त्विक यांच्या जोडीला वाचिक अभिनय येतो. त्यात संवादाचे शब्द आणि आवाजाची फेक दोन्ही धरलेले आहेत. इंग्रजीत एका विशेषणात ते बसत नाही.

युक्ती फसते ती या ठिकाणी:

- तोंडी हिशेब: ओरल कॅल्क्युलेशन नव्हे, मेंटल अरिथमेटिक. तोंड उघडलंच पाहिजे असं नाही.
- तोंडपाठ: ओरली नव्हे, बाय हार्ट.
- गणितातली शाब्दिक उदाहरणं: वर्ड प्रॉब्लेम्स. व्हर्बल प्रॉब्लेम म्हटलं तर बोलण्यात अडचण आहे असं वाटेल.
- शाब्दिक अर्थ: लिटरल मीनिंग.
- मौखिक आरोग्य: ओरल हेल्थ, पण हे दात-हिरड्यांचं, बोलण्याशी त्याचा संबंध नाही.

व्हर्बल आणि व्होकल यांत फरक काय?

व्हर्बल शब्दाचं, व्होकल आवाजाचं. या दोन गोष्टी एकत्रही येतात आणि एकमेकींवाचूनही असतात, म्हणून शक्यता चार होतात. गप्पा मारणं हे व्हर्बलही आहे आणि व्होकलही. पत्र व्हर्बल आहे, व्होकल नाही. सुस्कारा, हुंदका, चुकचुकणं, आवाजातला चढउतार हे व्होकल आहे, व्हर्बल नाही. मान हलवणं यांपैकी काहीच नाही.

कर्णबधिरांची सांकेतिक भाषा (साइन लँग्वेज) कुठे बसते? भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिला स्वतःचे शब्द आणि व्याकरण आहे, म्हणून ती पत्राच्या रांगेत: व्हर्बल, पण व्होकल नाही आणि ओरलही नाही. कर्णबधिर व्यक्तीच्या खुणांना सरसकट ‘नॉन-व्हर्बल’ म्हणणं म्हणूनच चुकतं.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ असं हमखास सांगतात. हे ७-३८-५५ चे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले: ७ व्हर्बल, ३८ व्होकल, ५५ चेहऱ्याचे. पण ते प्रयोग आवड-नावड, म्हणजे बोलणाऱ्याची भावना ओळखण्यापुरते होते. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले होते आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. सगळ्या संवादाला ते आकडे लावता येत नाहीत. रेल्वेचं वेळापत्रक कुणी चेहऱ्यावरून समजून घेऊन दाखवावं.

‘व्होकल’चा आणखी एक अर्थ उघडपणे मत मांडणारा: ‘अ व्होकल क्रिटिक’. तिथे व्हर्बल अजिबात चालत नाही. मे २०२० पासून आपल्याकडे गाजलेल्या ‘व्होकल फॉर लोकल’मध्ये हाच अर्थ आहे.

ओरल आणि ऑरल एकच का?

नाही. पहिला तोंडाचा, दुसरा कानाचा (लॅटिन ‘ऑरिस’, कान). ब्रिटिश उच्चारात दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, स्पेलिंग मात्र ओ आणि ए-यू असं वेगळं. ऐकून उत्तर द्यायची परीक्षा ऑरल, बोलून उत्तर द्यायची ती ओरल. फोनवर सांगताना घोटाळा टाळायचा तर ‘लिसनिंग’ आणि ‘स्पीकिंग’ म्हणावं. इंजिनीअरिंगची मुलं ज्याला ‘व्हायवा’ म्हणतात ते लॅटिन ‘व्हायवा व्होसी’, म्हणजे जिवंत आवाजाने. अर्थ ओरलचाच.

कायद्याच्या कागदात कोणता शब्द लिहावा?

तोंडी म्हणायचं असेल तर ओरल. कायद्याची स्वतःची भाषाही तीच आहे: १८७२ च्या पुरावा कायद्यात ‘ओरल एव्हिडन्स’चं स्वतंत्र प्रकरण होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ५४ आणि ५५ त्याच नावाने आहेत. संसदेतही तारांकित प्रश्न म्हणजे ‘ओरल आन्सर’साठीचे, अतारांकित प्रश्नांची उत्तरं लेखी.

करार कायदा १८७२, कलम ९ वाचण्यासारखं आहे. प्रस्ताव किंवा स्वीकृती शब्दांत केली असेल तर वचन ‘एक्स्प्रेस’, शब्दांवाचून केली असेल तर ‘इम्प्लाइड’. म्हणजे तिथे रेघ शब्द आणि वागणूक यांच्यात ओढलेली आहे, लेखी आणि तोंडी यांच्यात नाही. तोंडी करारही एक्स्प्रेसच. ‘व्हर्बल’ लिहिलं की या दोन रेघा एकमेकींत मिसळतात, आणि समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

गंमत साक्षीदारांच्या कलमात आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने न्यायालयात सर्वांसमोर लिहून किंवा खुणांनी साक्ष दिली, तर ती ‘ओरल एव्हिडन्स’ मानली जाते. जुन्या कायद्याचं हे कलम ११९. २०१३ च्या दुरुस्तीत त्याचं शीर्षक ‘व्हर्बली’ संवाद न करू शकणारा साक्षीदार असं झालं, आणि नव्या अधिनियमात ते कलम १२५ आहे. साक्ष लिहिलेली, तरी ओरल. साक्षीदार शब्द लिहू शकतो, तरी व्हर्बली असमर्थ. तेव्हा कायद्यातला शब्द कोशावरून लावू नये, त्या कायद्यात तो कसा वापरलाय ते बघूनच लावावा.

तोंडी करार चालतो का?

बऱ्याच व्यवहारांत चालतो. संमती, मोबदला, करारक्षमता आणि कायदेशीर हेतू असेल तर कागद नसला म्हणून करार रद्द होत नाही; सिद्ध करणं जड जातं, एवढंच. काही व्यवहारांना मात्र कागद हवाच:

- १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री: नोंदणीकृत दस्त (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४).
- लवादाचा करार: लेखी (१९९६ चा कायदा, कलम ७).
- महाराष्ट्रात भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स: लेखी आणि नोंदणीकृत (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५). नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

‘तोंडी ठरलंय’ म्हणून घराची किल्ली देणाऱ्या मालकांनी या शेवटच्या कलमावर जरा थांबावं.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘अ‍ॅज पर अवर व्हर्बल डिस्कशन’ लिहितात, ते बरोबर का?

व्याकरण बरोबर, माहिती शून्य. चर्चा बहुधा बोलूनच होते, त्यामुळे ‘व्हर्बल’ने काही भर पडत नाही, आणि चॅटवर झाली असेल तर ती पहिल्या अर्थाने व्हर्बल असूनही वाचणारा ती तोंडी समजेल. त्याऐवजी चार गोष्टी लिहा: तारीख, माध्यम (फोन, प्रत्यक्ष, व्हिडिओ कॉल), कोण हजर होतं आणि काय ठरलं. ‘वी स्पोक ऑन द फोन ऑन ५ ऑगस्ट. यू आस्क्ड मी टू रिलीज द पेमेंट बाय द १०थ. प्लीज कन्फर्म.’ तीन छोटी वाक्यं, आणि सहा महिन्यांनी कुणी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हटलं तर उपयोगी.

मेल त्याच दिवशी जायला हवा. आठवड्याने पाठवलेली पुष्टी ही पश्चातबुद्धी वाटते. शेवटचं ‘कन्फर्म करा’ही गाळू नका.

सरकारी नोकरीत हा केवळ शिष्टाचार राहत नाही. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम १९६८, नियम ३ प्रमाणे वरिष्ठांचे निर्देश साधारणपणे लेखी हवेत. तोंडी देणं अटळ असेल तर वरिष्ठांनी लगेच लेखी पुष्टी द्यावी आणि निर्देश घेणाऱ्यानेही ती शक्य तितक्या लवकर मागावी. टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी सूचनांवर कारभार चालवू नये, असं स्पष्ट सांगितलं. त्या निकालात व्हर्बल आणि ओरल हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. कुठल्याच अर्थाने पळवाट राहू नये म्हणून असेल.

‘व्हर्बल वॉर्निंग’ हा मनुष्यबळ विभागाचा ठरलेला शब्द आहे, तो बदलू नका. शिस्तीच्या कारवाईत लेखी ताकिदीच्या आधीची ती पायरी. नाव व्हर्बल असलं तरी पुष्कळ ठिकाणी तिची नोंद फाइलमध्ये करतात, म्हणून ‘नुसती तोंडी होती’ असं समजून ती विसरू नये.

दवाखान्यात व्हर्बल आणि ओरल?

इथे अदलाबदल धोक्याची. ओरल म्हणजे तोंडावाटे: ओरल डोस, ओआरएसमधला ओ, पोलिओच्या थेंबांची ओरल लस. ‘गिव्ह ओरली’ म्हणजे तोंडावाटे द्या. ‘व्हर्बल ऑर्डर’ म्हणजे डॉक्टरांनी न लिहिता बोलून दिलेली सूचना. ती घ्यायची रीत ठरलेली आहे: ऐकताच लिहा, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा, डॉक्टरांकडून होकार घ्या, नंतर सही घ्या. आकडे सुटे उच्चारावेत, ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’, कारण फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखे लागतात आणि डोस तिपटीहून जास्त होतो.

रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजणारं ग्लासगो कोमा स्केल १९७४ मध्ये आलं. त्यात डोळ्यांचे ४, व्हर्बलचे ५, हालचालीचे ६, असे एकूण ३ ते १५ गुण. व्हर्बलचे पाच असे: नीट भान ठेवून बोलतो ५, गोंधळलेलं बोलतो ४, असंबद्ध शब्द ३, नुसते न कळणारे आवाज २, काहीच नाही १. ३ आणि २ यांच्यातली रेघ म्हणजे व्हर्बल आणि व्होकल यांच्यातलीच रेघ: कण्हणं हा आवाज आहे, शब्द नाही. घशात नळी असलेल्या रुग्णाचा हा भाग मोजता येत नाही, म्हणून गुणांपुढे ‘टी’ (ट्यूब) लिहितात. रुग्ण फक्त मराठी बोलतो आणि तपासणाऱ्याला मराठी येत नाही, अशा वेळीही गुण चुकून कमी पडू शकतात. नातेवाइकाने जवळ थांबून तो काय म्हणतोय ते सांगावं.

‘व्हर्बल ऑटॉप्सी’ ऐकून दचकू नका. यात चिरफाड नसते. दवाखान्याबाहेर झालेल्या मृत्यूचं संभाव्य कारण शोधायला घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारतात, त्याला हे नाव आहे.

जीआरई, कॅटमधल्या ‘व्हर्बल’मध्ये बोलावं लागतं का?

एक शब्दही नाही. (जीआरई ही परदेशातल्या उच्चशिक्षणासाठीची, कॅट ही एमबीएसाठीची प्रवेशपरीक्षा.) जीआरईच्या व्हर्बल रीझनिंगमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ४१ मिनिटांत २७ प्रश्न, गुण १३० ते १७०. सगळं वाचून सोडवायचं. कॅटचा व्हर्बल विभागही वाचनाचाच. याउलट एसएससीच्या (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) बुद्धिमत्ता चाचणीतले ‘नॉन-व्हर्बल’ प्रश्न म्हणजे आकृत्या, आरशातल्या प्रतिमा, कागदाच्या घड्या.

समानार्थी शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी जीआरईचा एक प्रश्नप्रकार महत्त्वाचा: सेंटेन्स इक्विव्हलन्स. सहा पर्यायांतून दोन निवडायचे, आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. एकच बरोबर आला तर अर्धे गुण मिळत नाहीत. पर्यायांत समानार्थींची एक जोडी फसवायलाही ठेवलेली असते, म्हणून आधी वाक्य वाचून रिकाम्या जागेचा अर्थ मराठीत ठरवावा आणि मगच पर्याय बघावेत.

चांगलं बोलणाऱ्याला व्हर्बल म्हणतात का?

अमेरिकी इंग्रजीत ‘ही इज व्हेरी व्हर्बल’ असं म्हणतात, खास करून लवकर बोलू लागलेल्या मुलाबद्दल. कौतुक करायचं तर त्याहून नेमके शब्द आहेत. न अडखळता बोलतो तो फ्लुएंट, मुद्दा स्पष्ट मांडतो तो आर्टिक्युलेट, ऐकणाऱ्याला हलवून सोडतो तो एलोक्वेंट. आर्टिक्युलेट विशेषण असताना शेवट ‘-लिट’सारखा उच्चारतात, क्रियापद असताना ‘-लेट’. फार बोलतो तो टॉकेटिव्ह किंवा गॅर्युलस. गॅर्युलसमध्ये कंटाळा मिसळलेला आहे, शिफारसपत्रात लिहू नका. मोजकं बोलणारा लॅकॉनिक, मुळात अबोल तो टॅसिटर्न.

‘व्हर्बोस’ हा व्हर्बलचा भाऊ दिसतो, पण त्याचा अर्थ पाल्हाळिक, आणि तो नेहमी दोष दाखवतो. ‘व्हर्बेटिम’ म्हणजे शब्दशः. मुलाखतीचं व्हर्बेटिम टिपण मागितलं असेल तर ‘अं’, ‘म्हणजे’ यांसकट लिहावं लागतं.

न बोलणाऱ्या मुलाला नॉन-व्हर्बल म्हणावं का?

वैद्यकीय अहवालात हा शब्द येतो. पण स्वमग्न मुलांतली काही बोलत नाहीत आणि टाइप करून किंवा चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून शब्द वापरतात. त्यांच्यासाठी अलीकडे ‘नॉन-स्पीकिंग’ अधिक पसंत केला जातो. शाळेच्या फॉर्मवर दोन्ही न लिहिता ‘बोलत नाही, टॅबवर टाइप करतो’ असं लिहिलं तर शिक्षकांना काय करायचं ते लगेच कळतं.

‘व्हर्बल अ‍ॅब्यूज’ म्हणजे फक्त शिव्या का?

नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक आणि आर्थिक छळासोबत शाब्दिक व भावनिक छळ नोंदलेला आहे. अपमान, टिंगल, नावं ठेवणं, मूल किंवा मुलगा नसल्यावरून टोमणे, आणि पीडितेच्या जवळच्या माणसाला इजा करण्याच्या वारंवार धमक्या हे त्यात येतं. तक्रारीत ‘व्हर्बल अ‍ॅब्यूज केला’ एवढंच लिहून भागत नाही. बोललेले शब्द जसेच्या तसे, मराठीतच, तारखेसह लिहावेत. मेसेज असतील तर स्क्रीनशॉट जोडावेत.

‘नोट व्हर्बाल’ तोंडी असते का?

नावावरून तसं वाटतं, पण ती लेखीच असते. एका देशाचा दूतावास दुसऱ्या देशाच्या परराष्ट्र खात्याला पाठवतो ते हे पत्र: तृतीय पुरुषी, सुरुवातीला ठरावीक अभिवादन, खाली पूर्ण सही नाही, फक्त आद्याक्षरं आणि शिक्का. बातमीत त्याचं भाषांतर ‘तोंडी निवेदन’ केलं तर बातमीच उलटते. ‘राजनैतिक टिपण’ चालेल.

व्याकरणातले ‘व्हर्बल्स’ कोणते?

क्रियापदापासून झालेली, पण वाक्यात क्रियापदाचं काम न करणारी रूपं: इन्फिनिटिव्ह, जेरंड, पार्टिसिपल. मराठीत त्यांना धातुसाधितं किंवा कृदंतं म्हणतात. ‘पोहणं चांगलं’ मधलं पोहणं, ‘धावता घोडा’ मधलं धावता ही तीच जात. ब्रिटिश बोलीत ‘व्हर्बल्स’चा आणखी एक अर्थ आहे: पोलिसांनी आरोपीच्या तोंडी घातलेला, त्याने न दिलेला कबुलीजबाब. इंग्लंडमध्ये पोलीस तपास आणि पुराव्यांविषयीच्या १९८४ च्या कायद्यानंतर चौकशीचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, त्यामागे ही एक तक्रार होतीच.